भावाच्या टॅक्सीवर स्पीडची एवढी चलान, लायसन्स जाईल का?

चारकोपची सायली:
माझा धाकटा भाऊ टुरिस्ट टॅक्सी चालवतो, गाडी शेठची आहे, रात्री एअरपोर्ट ते साऊथ मुंबई अशी भाडी मारतो. काल शेठने व्हॉट्सॲपवर ई-चलानची लिस्टच टाकली, सगळी ओव्हरस्पीडची, दोन-दोन हजाराची, बहुतेक कोस्टल रोडवरची, आणि म्हणतो पगारातून कापणार आणि असंच चालू राहिलं तर तुझं लायसन्स सस्पेंड होईल. भाऊ म्हणतो गाडीला गव्हर्नर आहे, ८० च्या वर जातच नाही, आणि कोस्टल रोडला लिमिटच ८० आहे मग चलान कसली? पैशाचं बघू कसंतरी पण लायसन्स गेलं तर खायचं काय, आईला अजून सांगितलं नाहीये. चलान भरली की विषय संपतो ना? अजून एक, एका चलानच्या फोटोत गाडी पांढरी आहे, आमची ग्रे, नंबर मात्र तोच.

वरळीकर:
ताई, इथेच सगळे फसतात. कोस्टल रोडला ८० फक्त सरळ पट्ट्यावर, बोगद्यात ६० आणि वळणावर, चढ-उतारावर ४०. गव्हर्नर ८० ला अडवतो, तो काय बोगदा बघून गाडी हळू करत नाही. चलान उघडून लोकेशन आणि स्पीड बघा, बोगद्यातलीच निघतील बहुतेक. प्रियदर्शिनी पार्कपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा बोगदा जेमतेम दोन किलोमीटरचा, ८० ने गेलं काय नि ६० ने गेलं काय, अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. त्या अर्ध्या मिनिटाला दोन हजार! रात्री रस्ता मोकळा असतो, पाय आपोआप दाबला जातो हे मान्य, पण कॅमेरा रात्रीपण जागाच असतो. भावाला हे नीट समजावून सांगा, बाकी सगळं त्यानंतर.

ठाण्याचे काका:
सायली, भरलं की संपलं असं नाही, म्हणून नीट वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये कारला पहिल्या वेळी एक ते दोन हजार दंड आहे, पण दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला की लायसन्स जप्त करायची तरतूद आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०० मध्ये स्पष्टच लिहिलंय की दंड भरून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून धरला जाईल. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितलं होतं की ओव्हरस्पीडला कमीत कमी तीन महिने लायसन्स सस्पेंड करा. त्यामुळे शेठ उगाच घाबरवत नाहीये.
पण लायसन्स असं एका रात्रीत जात नाही. कलम १९ प्रमाणे आरटीओला आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारण लेखी द्यावं लागतं, ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नोटीस आली की स्वतः जाऊन उभं राहायचं, एजंटला पाठवायचं नाही. आणि सस्पेंड झालंच तर त्या काळात गाडीला हात लावायचा नाही म्हणजे नाही, कलम १८२ मध्ये १० हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

पक्या मुलुंड:
पांढऱ्या गाडीचं चलान भरू नका!! कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. चलान गाडीमालकाच्या नावावर असतं त्यामुळे शेठलाच महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलान साईटवर तक्रार टाकायला सांगा, आरसीचा फोटो आणि आपल्या गाडीचे चारही बाजूने फोटो जोडायचे, आणि पोलीस स्टेशनला पण लेखी द्या, उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस तुमच्याच दारात येतील. आणि व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एपीके फाईल आली तर अजिबात उघडू नका, बँक खाती साफ होतायत लोकांची.

चारकोपची सायली:
खूप खूप आभार सगळ्यांचे. बघितलं आत्ता, खरंच बहुतेक बोगद्यातलीच आहेत, स्पीड ७४, ७८ असं दिसतंय. काका, चलान शेठच्या नावावर आहेत तर भावाच्या लायसन्सवर कशी येणार? आणि दोन चलान ज्या दिवशीची आहेत त्या दिवशी भाऊ गावाला होता, गाडी दुसरा मुलगा चालवत होता.

ठाण्याचे काका:
कलम १३३ खाली पोलिसांनी विचारलं की मालकाला ड्रायव्हरचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यावीच लागते, तिथून येणार. म्हणून त्या दोन दिवसांचं आजच शेठशी बोलून घ्या, ड्युटीची नोंद किंवा गावच्या एसटीचं तिकीट असेल तर जपून ठेवा, सरसकट सगळी चलान भावाच्या नावावर टाकू देऊ नका. बाकी जी खरी आहेत ती भरून पावत्या फाईलला लावा. आणि भावाच्या लायसन्सवर पत्ता कुठला आहे बघ, जुन्या घराचा असेल तर या आठवड्यात बदलून घ्या. आरटीओची नोटीस त्याच पत्त्यावर जाते आणि सुनावणीला कुणी गेलं नाही तर ते एकतर्फी ऑर्डर काढून मोकळे होतात.