राक्षस न आणता पार्टीला घाबरवता येतं का?

विसावा फासा
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळात आमची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, सहाव्या लेव्हलला पोचली आणि लढाया लुटुपुटूच्या वाटायला लागल्या. म्हणून गेल्या सेशनला मी एकही राक्षस आणला नाही. गुहेत पाणी भरत होतं, बस. दर राउंडला (खेळातले सहा सेकंद) वीतभर चढणार, हे आधीच सांगून टाकलं. गुडघा, कंबर, छाती... साखळदंडाने बांधलेला एक कैदी, आणि जड चिलखतातला फायटर, म्हणजे आमचा लढवय्या. ते चिलखत उतरवायला नियमाने ५ मिनिटं, म्हणजे ५० राउंड! दोन वर्षांत टेबलावर इतकी शांतता मी पाहिली नव्हती. माझ्या मते निसर्गासारखा शत्रू नाही.

कंदीलवाली
मला हे पटत नाही. पाचव्या आवृत्तीतला थंडीचा नियम बघा. शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, डीसी १०, म्हणजे बेरीज किमान १० हवी. चुकला की एग्झॉशनची (थकव्याची) एक पायरी, सहावीला मरण. यात खेळाडू ठरवतो काय? नुसते फासे टाकत बसायचं. माझं एक कॅरेक्टर हिमकडा कोसळून गेलं. आधी ना आवाज, ना भेग. दोन वर्षं जपलं होतं मी त्याला. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सेव्ह मागितला, तो चुकला, संपलं.

विसावा फासा
तो डीएमचा दोष, हिमकड्याचा नाही. आणि थंडीबद्दल तुमचं बरोबर आहे, नुसता तासाचा सेव्ह म्हणजे कर भरणं. पण गोठलेलं तळं ओलांडलं तर दोन तास, वळसा घेतला तर अख्खा दिवस, आणि बर्फ करकरतोय हे ऐकू येतंय, असं मांडलं तर?

मंत्रवही
मांडाल हो, पण मंत्रांचं काय? वॉटर ब्रीदिंग तिसऱ्या पातळीचा. दहा जणांना २४ तास पाण्याखाली श्वास. तुमची गुहा तिथेच संपते. कड्यांचंही तेच. पडण्याचं डॅमेज (इजा) जास्तीत जास्त २०डी६, म्हणजे सहा बाजूंचे वीस फासे, सरासरी ७०. पंधराव्या लेव्हलचा बार्बेरियन (दणकट योद्धा) सरळ उडी मारतो.

विसावा फासा
आमच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) तो मंत्र होताच. पण स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) न खर्चता रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून करायचा तर १० मिनिटं जास्त लागतात. तेवढा वेळच नव्हता, आणि तिसऱ्या पातळीचा शेवटचा स्लॉट त्याने आदल्या खोलीत फायरबॉल या आगीच्या मंत्रावर घालवला होता, दार जाळायला. म्हणून म्हणतो, हिट पॉइंटांवर (पात्राच्या जीवाच्या आकड्यावर) नेम धरूच नका. वेळ, दोर, नकाशा, सोबतचा माणूस, यांवर धरा.

कंदीलवाली
आधी दिसणारं संकट असेल तर मी खेळेन. तासाचा सेव्ह मात्र माझ्या टेबलावर येणार नाही. त्या कैद्याचं काय झालं?

विसावा फासा
पाणी डोक्यावरून गेल्यावर आमच्या रोग (Rogue, चोर) पात्राने तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा कुलूप निघालं. फायटर चिलखतासकट खालीच होता, कैद्याला खांद्यावर उचलून.