व्हिएतनाममधल्या ‘पॅगोडा’ला मराठीत काय म्हणावं?

पायपीट
हनोई, हुए, होई आन आणि सायगावच्या देवळांवर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. तिथल्या इंग्रजी पाट्यांवर कुठे ‘पॅगोडा’ असतं, कुठे ‘टेम्पल’. आपल्या डोक्यात पॅगोडा म्हणजे एकावर एक छपरं चढवलेला उंच मनोरा, नाहीतर गोराईचा सोनेरी घुमट. हनोईचा प्रसिद्ध ‘एकखांबी पॅगोडा’ बघायला जावं तर तळ्यात एका खांबावर उभी केलेली छोटी लाकडी देवळी! मनोऱ्याचा पत्ता नाही. तिथले लोक स्वतः काय म्हणतात? आणि मराठीत काय लिहावं? मंदिर, विहार, स्तूप, की सरळ पॅगोडाच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तळटीप
पाट्यांचं कोडं तसं सोपं आहे. व्हिएतनामी भाषेत ‘चुआ’ म्हणजे बुद्धाचं देऊळ आणि ‘देन’ म्हणजे इतर देवांचं किंवा देवपण मिळालेल्या माणसांचं. फ्रेंचांच्या काळात चुआला ‘पॅगोड’ म्हणायची रीत पडली, तीच पुढे इंग्रजीत आली. म्हणजे तिथे पॅगोडा हा शब्द इमारतीच्या आकारावरून नाही, आत कोण बसलंय त्यावरून ठरतो. मनोऱ्याला वेगळा शब्द आहे, ‘थाप’. (हसू नका, उच्चार खरंच तसा आहे. आणि तो आपल्या स्तूपाचाच, म्हणजे प्राकृत ‘थूप’चा, चीनमार्गे गेलेला नातलग आहे.)

उदाहरण एकाच रस्त्यावर मिळेल. हनोईच्या पश्चिम सरोवराकाठी चान क्वोक चुआ आहे. मूळ सहाव्या शतकातला, 1615 मध्ये आताच्या जागी हलवलेला. तिथे अकरा मजली लाल थाप आहे आणि 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भेट म्हणून दिलेला बोधिवृक्ष आहे. तिथून पायी काही मिनिटांवर क्वान थान्ह. तो मात्र देन. आत चान वू या ताओ देवाची 1677 मध्ये ओतलेली, जवळजवळ चार मीटर उंच, काळीभोर ब्राँझची मूर्ती. होआन किएम तळ्यातल्या बेटावर लाल पुलावरून जातो ते न्गोक सन, तेही देनच. तिथे मंगोलांना पाणी पाजणारा तेराव्या शतकातला सेनापती चान हुंग दाओ पुजला जातो. देन म्हणजे काय हे मराठी माणसाला एका वाक्यात सांगायचं तर सिंधुदुर्गावरचं शिवराजेश्वराचं देऊळ आठवा.

हुएच्या थिएन मूमुळे गोंधळ वाढतो, कारण तिथे दोन्ही आहे. चुआची स्थापना 1601 ची, आणि फोटोत दिसतो तो सात मजली अष्टकोनी थाप 1844 चा. लोक मनोऱ्याचा फोटो काढतात, खाली ‘पॅगोडा’ लिहितात आणि मागच्या आवारात जातच नाहीत. मागेच ती फिकट निळी ऑस्टिन गाडी ठेवली आहे. 11 जून 1963 रोजी भिक्खू थिक क्वांग दुक याच गाडीतून सायगावच्या चौकात गेले आणि तिथे त्यांनी आत्मदहन केलं.

शब्दवेडा
‘पॅगोडा’ आपल्याला परका वाटतो, पण हा शब्द युरोपीयांच्या तोंडी बसला तो आपल्याच किनाऱ्यावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीज हिंदूंच्या देवळाला आणि मूर्तीलाही ‘पागोद’ म्हणत. गोव्यात देवळं पाडल्याच्या त्यांच्या कागदांत हाच शब्द येतो. त्याच्या मुळाबद्दल एकमत नाही. कुणी फारसी ‘बुतकदा’ (मूर्तीचं घर) धरतात, कुणी ‘भगवती’. मला भगवती पटते, कारण त्याच शब्दाने दक्षिणेतलं सोन्याचं नाणंही ओळखलं जायचं. त्यावर देवाचा छाप असे. आपण ज्याला होन म्हणतो त्याला इंग्रज ‘पॅगोडा’ म्हणत. म्हणजे रायगडावरचा होनही त्यांच्या लेखी पॅगोडाच.

तात्पर्य काय, हा शब्द आधी देऊळ होता, मग नाणं झाला आणि मनोरा सगळ्यात शेवटी. व्हिएतनामच्या पाट्यांवर चुकीचं काहीच नाही, उलट जुना अर्थच टिकलाय.

सायगावात दोन वर्षं
नुसत्या व्युत्पत्तीवर पर्यटकाचं पोट भरत नाही, म्हणून रोजच्या वापरातलं सांगते.

चुआ आणि देन यांतला फरक ताटात दिसतो. चुआत बुद्धापुढे फळं, फुलं, चिकट भाताचे पदार्थ, म्हणजे शाकाहारी नैवेद्य. त्याला ‘ले चाय’ म्हणतात. देनमध्ये मात्र अख्खी उकडलेली कोंबडी चोचीत लाल फूल धरून ताटात बसलेली असते, शेजारी तांदळाच्या दारूची बाटली. हे बघून “बौद्ध देवळात मांस!” असं लिहिणारे मराठी ब्लॉग मी वाचलेत. अहो, ते बौद्ध देऊळ नाहीच. आपल्याकडे विठोबाला तुळस आणि म्हसोबाला कोंबडं, त्यातला प्रकार.

आणि ‘चाय’ हा शब्द शाकाहाऱ्यांनी पाठच करावा. ‘कुआन चाय’ म्हणजे शाकाहारी खानावळ. चांद्र महिन्याचा पहिला दिवस आणि पौर्णिमा या दोन दिवशी एरवी मांसाहार करणारेही चाय खातात. त्या दिवशी खानावळीत जागा मिळत नाही आणि चुआत उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरतात. वातावरण हवं असेल तर तेव्हाच जा, फोटो हवे असतील तर दुसऱ्या दिवशी.

दक्षिणेत शब्द आणखी सैल आहे. सायगावच्या चिनी वस्तीत, चो लनमध्ये, चिनी समुद्रदेवी थिएन हाउचं देऊळ आहे, त्याला सगळे ‘चुआ बा’ म्हणतात, देवीचं चुआ. बुद्धाचा संबंध नाही तरी चुआ! बेन थान्ह बाजाराजवळ मरिअम्मनचं देऊळ आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ लोकांनी बांधलेलं. त्यालाही चुआच म्हणतात. तिथे येणारे बहुतेक व्हिएतनामी असतात. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून हळू आवाजात देवीला गाऱ्हाणं सांगतात. हे बघितल्यावर व्याख्या वगैरे विसरायला होतं.

जाता जाता: बोलीत ‘चुआ’ म्हणजे फुकटचं. ‘साय चुआ’ म्हणजे फुकटात वापरणं, ‘वायफाय चुआ’ म्हणजे शेजाऱ्याचं वायफाय. देवळाची मालमत्ता सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही, या न्यायाने.

लेणीवाला
चर्चेत चाम मनोरे सुटले, म्हणजे मध्य आणि दक्षिण व्हिएतनाममधल्या चाम लोकांची जुनी हिंदू देवळं. होई आनहून ‘मी सन’ हे ठिकाण बघायला बहुतेक सगळे जातात. (कृपया ‘माय सन’ लिहू नका.) चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर शिवाचं पहिलं देऊळ बांधलं. पुढे कित्येक शतकं विटांची देवळं उभी राहत गेली, शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. 1969 च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात तिथलं सगळ्यात भव्य देऊळ कोसळलं. आता आपलं पुरातत्त्व सर्वेक्षण खातं तिथे जतनाचं काम करतं. 2020 मध्ये त्यांना एकसंध वालुकाश्मातलं शिवलिंग सापडलं, ती बातमी आपल्याकडेही गाजली होती.

व्हिएतनामी लोक या देवळांना ‘थाप चाम’ म्हणतात, म्हणजे चाम मनोरे. त्यांना दिसला तो आकार. चाम लोकांचा स्वतःचा शब्द ‘कलन’. मराठीत मात्र इथे बिनदिक्कत शिवालय लिहावं, मनोरा म्हणून आपणच आपल्या देवाला ओळख देणं का टाळावं? न्या चांग शहरातल्या पो नगर या चाम देवळाला ‘थाप बा’ म्हणतात. तिथली देवी चाम शिलालेखांत भगवती आहे, आणि आज व्हिएतनामी लोक तिला थिएन इ आ ना म्हणून पुजतात. शब्दवेडा यांची भगवती इथे भेटली की!

पायपीट
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. मी असं ठरवतोय: चुआला ‘बुद्धमंदिर’, देनला ‘देऊळ’, थापला ‘मनोरा’. ‘विहार’ टाळतोय, कारण विहार म्हटलं की भिक्खूंची राहायची जागा असा अर्थ मनात येतो. दोन अडचणी उरल्या. गावागावांत दिसणारा ‘दिन्ह’ आणि हनोईचं ‘व्हान मिएऊ’, ज्याला सगळे ‘साहित्याचं मंदिर’ म्हणतात.

तळटीप
‘साहित्याचं मंदिर’ वाचून साहित्य संमेलन आठवतं, आणि तिथे लेखक शोधत फिरावं लागतं! 1070 मध्ये बांधलेलं ते कन्फ्यूशियसचं देवस्थान आहे आणि 1076 मध्ये त्यालाच राजविद्यालय जोडलं गेलं. दगडी कासवांच्या पाठीवरच्या 82 शिळांवर राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं आहेत. ‘विद्यामंदिर’ म्हणावं तर आपल्याकडे ती शाळा होते. मी ‘कन्फ्यूशियसचं देऊळ’ लिहीन आणि मोकळा होईन.

दिन्हमध्ये गावाचा रक्षक देव असतो, आणि पूर्वी गावचे तंटे, कर, पंगती सगळं तिथेच. अर्धं ग्रामदैवताचं देऊळ, अर्धी चावडी. एका शब्दात बसणार नाही.

बुद्धमंदिर चालेल, पण एक लक्षात ठेवा. उत्तरेत कित्येक चुआंत पुढे बुद्ध आणि मागे मातृदेवता अशी मांडणी असते. मागच्या दालनात गेल्यावर लाल-हिरव्या वस्त्रांतल्या देव्या दिसल्या तर चुकीच्या दारातून आलो असं समजू नका. दारावरून आठवलं, उंच उंबरठ्यावर पाय देऊ नये, ओलांडून जावं. हे आपल्याला सांगावं लागत नाही म्हणा.

सायगावात दोन वर्षं
दिन्हला ‘गावदेवीचं देऊळ’ नको, देव बहुतेक वेळा पुरुष असतो. ‘ग्रामदेवाची चावडी’ कसं वाटतं?

आणि होई आनवर लिहिताना ‘होई क्वान’ येणारच. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतवाल्यांसाठी बांधलेली सभागृहं, आत देवी, छताला टांगलेल्या गुंडाळीच्या भल्यामोठ्या उदबत्त्या आणि त्यांना लटकणाऱ्या नवसाच्या चिठ्ठ्या. त्याला मंदिर म्हणू नका. आपल्या मुंबईत त्यासाठी नेमका शब्द आहे: महाजनवाडी.

पायपीट
महाजनवाडी! घेतला.