साठा, साठवण की साठवणूक? आभासी संगणकांच्या 'स्टोरेज'साठी मराठी शब्द

प्रश्न : सांगलीतील एका संस्थेच्या संगणक विभागासाठी मी मराठीत कार्यपुस्तिका लिहीत आहे. आमचे आभासी संगणक, म्हणजे खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, एका डेटा सेंटरमध्ये चालतात. 'स्टोरेज मॅनेजमेंट'ला 'साठा व्यवस्थापन' म्हणावे की 'साठवण व्यवस्थापन'? 'लन' आणि 'थिन प्रोव्हिजनिंग' यांचे काय करावे?

उत्तर : ताई, 'साठवण' हाच शब्द घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात कोयनेचे आकडे आपण रोज वाचतो : धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी आणि आजचा पाणीसाठा अमुक. सामावून घेण्याची सोय ती साठवण, आणि तिच्यात प्रत्यक्ष जे साठले तो साठा. 'साठवणूक' ही क्रिया झाली, शिवाय तिला साठेबाजीचा वास येतो.

हा फरक मला अनुभवाने कळला. मी पूर्वी जिथे काम करत होतो, तिथल्या रोजच्या तक्त्यात 'साठा : 82 टक्के' असे लिहिलेले असे. लिहिणाऱ्याच्या मते तेवढी जागा भरली होती. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने मात्र दुकानातला माल मोजावा तसे ते वाचले, तेवढी शिल्लक आहे असे समजून तीन नवे आभासी संगणक उभे केले, आणि पहाटे जागा संपल्यावर ज्यांना पुढे लिहायला जागा मिळेना ते संगणक जागच्या जागी थांबले. मराठीत साठा म्हणजे हाताशी असलेली, वापरता येणारी वस्तू. डिस्कच्या बाबतीत नेमके उलटे आहे, ती भरत आली की काळजी करायची. म्हणून तक्त्यात 'व्यापलेली जागा' आणि 'मोकळी जागा' असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि 'साठा' हा शब्द तिथे येऊच देऊ नये.

'थिन प्रोव्हिजनिंग'चे 'विरळ तरतूद' असे शब्दशः रूप कोणालाही कळणार नाही. आभासी संगणकाला 200 जीबीची डिस्क दिसते, पण त्याने 34 जीबीच लिहिले असतील तर साधारण तेवढीच जागा खरोखर खर्ची पडते. याला 'लागेल तशी जागा' म्हणावे, आणि याच्या विरुद्ध प्रकाराला 'आधीच राखलेली जागा'.

'लन' म्हणजे साठवण यंत्रणेने एकच डिस्क म्हणून वापरायला दिलेला जागेचा तुकडा. हा शब्द तसाच ठेवावा, पण समजावताना हरिपूरचे हळदीचे पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, सांगावे. पेवाचे तोंड मातीने बुजवले की आत कुठे काय आहे ते वरून दिसत नाही. साठवण यंत्रणेलाही एकच लन दिसतो; त्यात कोणत्या आभासी संगणकाची डिस्क कुठे आहे हे तिला ठाऊक नसते, त्यामुळे तिच्याकडून प्रत काढून घ्यायची तर अख्ख्या लनची निघते. आभासी संगणकांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने 2015 मध्ये आपल्या व्हीस्फिअर 6.0 या आवृत्तीसोबत 'व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स' आणले, त्यात प्रत्येक डिस्क यंत्रणेला स्वतंत्रपणे ओळखता येते आणि हव्या त्या एकाच संगणकाची प्रत काढता येते. याला 'स्वतंत्र साठवण खंड' म्हणता येईल.

प्रश्न : मग आभासी संगणकांच्या डिस्क जिथे ठेवतात त्या 'डेटास्टोअर'लाच 'पेव' म्हणू का?

उत्तर : नको. उदाहरण म्हणून पेव उत्तम आहे, पण संज्ञा म्हणून 'पेव फुटणे' आधी आठवते. 'कोठार' लिहावे, कोठारात जाऊन हवे ते पोते वेगळे काढता येते.