छोट्या मिलिंग मशीनला डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारं यंत्र): ग्लास स्केल घ्यावा की मॅग्नेटिक?

दांडियाबाजारचा_फिटर, बडोदे

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत एका टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. आता घरामागच्या पडवीत छोटं बेंचटॉप मिलिंग आहे आणि त्यावर डभोई लाइनच्या नॅरोगेज इंजिनाचं मॉडेल करतोय. डभोई-मियागाम लाइन १८६२ साली सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढायचे, इंजिनं नियमित धावू लागली ती १८७३ पासून. माझे आजोबा त्याच लाइनीवर फायरमन होते, त्यामुळे हे काम मला नीटच करायचं आहे.

अडलंय ते सिलिंडरच्या झाकणापाशी. पितळी झाकण, ३२ मिमी पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) सहा भोकं, ३.२ मिमीची, एम३ बोल्टसाठी. हिशेब सरळ आहे: मधल्या बिंदूपासून एक्सला (टेबल डावी-उजवीकडे) १६ आणि ८, वायला (पुढे-मागे) १३.८६. हँडलच्या खुणा मोजून भोकं पाडली. झाकण सिलिंडरवर ठेवलं, चार बोल्ट बोटांनी गेले, दोन आट्यांच्या तोंडाशीच अडले. डायल गेज (बारीक सरक काट्यावर दाखवणारं माप) लावून पाहिलं तर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला मोकळा खेळ, एक्सला ०.२२ आणि वायला ०.३०. नोकरीतल्या मशीनला डीआरओ होता. आकडा पाहून टेबल पुढेमागे कसंही न्यायचं, ही सवय हाताला लागलेली.

म्हणून आता इथेही डीआरओ बसवणार. मन ग्लास स्केलकडे (काचेच्या पट्टीवरच्या रेघा वाचणारा) ओढतंय, कारण आयुष्यभर तोच वापरला. पण टेबलाच्या मागे लावला तर वायचा प्रवास २५ मिमीने कमी होतो, मुळात १३० च आहे. पुढे लावला तर टेबल लॉकची मूठ अडते. मॅग्नेटिकवर (चुंबकी पट्टी वाचणारा) कधी काम केलेलं नाही. कोणी छोट्या मशीनवर बसवलाय का? ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पुरेल की १ चा घ्यावा? आणि मे महिन्यात पडवीत ४२-४३ अंश असतं, त्याने मापात किती फरक पडेल?

इंदूर_टूलरूम

काका, मॅग्नेटिकच घ्या. पट्टी १० मिमी रुंदीची, ती वाचणारा रीडरहेड काडेपेटीपेक्षा लहान. माझ्या मशीनवर टेबलाच्या मागच्या कडेला बसला आणि वायचे फक्त ८ मिमी गेले. ५ मायक्रॉन भरपूर झाला. एवढ्या मशीनच्या जिबमधला (टेबलाच्या सरकपट्ट्यांतला खेळ घालवणारी पाचर) खेळच त्याहून मोठा असतो, १ मायक्रॉनवाल्याचा शेवटचा आकडा नुसता नाचत राहील.

पट्टी किंचित तिरकी लागली तर घाबरू नका. ३०० मिमीत १ मिमी तिरकी असली तरी मापात चूक दोन मायक्रॉनच्याही आत. जपायचं ते रीडरहेड आणि पट्टीमधलं अंतर. पूर्ण प्रवासात ते सारखं राहिलं पाहिजे, म्हणून पट्टीच्या पृष्ठभागावर डायल गेज फिरवून पाहा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड त्या पट्टीला चुकूनही लावू नका. पट्टीतले चुंबकाचे ध्रुव बिघडले की तेवढ्या जागेचं माप कायमचं गेलं. मी एक पट्टी अशीच घालवली. बिडाचा कीसही तिला चिकटतो, तेव्हा वरून स्टेनलेसची पातळ कव्हर पट्टी हवीच.

ग्वाल्हेरचा_खराडी

भाऊ, वरचं सगळं बरोबर आहे, पण पैसे खर्च करण्याआधी जिब आवळा. डीआरओ टेबल कुठे आहे ते खरं सांगतो, टेबलाला धरून ठेवत नाही. स्क्रूतला खेळ तसाच राहतो आणि कटर टेबल ओढून नेतो. आकड्यावर या, लॉक करा, मग पुन्हा आकडा पाहा. लॉक करताना तो सरकला तर जिब ढिली आहे.

उन्हाचं मनावर घेऊ नका. ३२ मिमीचं पितळ १० अंशांनी तापलं तर ६ मायक्रॉन वाढतं, तुमच्या भोकांना त्याचं काही नाही. मात्र दुपारचं ऊन कॉलमच्या एकाच बाजूवर पडत असेल तर पडदा लावा. एका अंगाने तापला की कॉलम वाकतो.

डीआरओ येईपर्यंत प्रत्येक भोकाला एकाच दिशेने या. पुढे गेलात तर पूर्ण एक फेरी मागे जाऊन परत या.

दांडियाबाजारचा_फिटर, बडोदे

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी जिबला हात घातला. लॉक करताना वाय ०.०४ सरकत होता. जिबचे स्क्रू पाव-पाव फेरी आवळले, आता ०.०१ वर आलाय. मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर सहाही भोकं एकाच दिशेने येऊन पाडली आणि तो सिलिंडरवर ठेवला. पाच बोल्ट गेले, सहावा थोडा घासत गेला.

मॅग्नेटिक सेट काल बसवला, एक्स आणि वायला. झेडला तूर्त नाही. पट्टीवर डायल गेज फिरवली तर पूर्ण प्रवासात ०.०६ चा फरक; स्टँड पट्टीपासून दूर ठेवला होता. नंतर स्लिप गेजने (अचूक लांबीचा पोलादी ठोकळा) तपासलं. व्हाइसच्या स्थिर जबड्याला ५० ची गेज टेकवली, स्पिंडलमधली डायल तिच्यावर शून्य केली, गेज काढून तीच डायल जबड्यावर शून्याला आणली. डीआरओवर ५०.०१५. तीनदा केलं, तिन्हीदा तेच, म्हणून दुरुस्तीचा आकडा भरला. आता ५०.०००.

झाकण पितळाच्या नव्या चकतीतून कापतोय. एक राहिलंय: वायच्या रीडरहेडची केबल टेबल पूर्ण मागे गेलं की कॉलमला घासते. इंदूरवाल्या ताई, तुम्ही ती कुठून फिरवली?

इंदूर_टूलरूम

बेसच्या डाव्या अंगाने, काका. रीडरहेडपासून खाली एक झोल सोडून मग वर घ्या, म्हणजे कूलंटचा थेंब झोलाच्या तळाशी गळून जातो, हेडपर्यंत पोचत नाही. झाकणाचा फोटो नक्की टाका.