मदत हवी आहे: भाट्याच्या खाडीत दिसलेला पक्षी कर्ल्यू की व्हिम्ब्रेल?

नमस्कार मंडळी,

गेल्या द्वितीयेला मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण रत्नागिरीच्या भाट्ये खाडीवर पक्षी बघायला गेलो होतो. तिचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे दर शंभर पावलांवर बैठक. पण बसलं की पक्षी जास्त दिसतात, हे एव्हाना मलाही पटलंय.

वेळ तिने काढली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा तिच्या वडिलांचा हिशेब. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे त्याच्या सहा तास आधी सुकती (पूर्ण ओहोटी), सकाळी साडेसातच्या सुमारास. पोचलो तर खरंच चिखल लांबवर उघडा पडला होता. तुतवार शेपटी हलवत फिरत होते, राखी बगळा एका जागी खिळलेला, राजिवड्याच्या बाजूला होड्यांवर घारी. चहाचा थर्मास अर्धा झाला तोवर दहा वाजले आणि पाणी चढायला लागलं. तसे पक्षी काठाकडे सरकले, त्यातला एक आमच्यापासून तीसेक पावलांवर आला.

भुरकट, ठिपकेदार, चोच लांब आणि खाली वाकलेली. त्याने बिळातून एक खेकडा ओढून काढला, दोन-तीनदा झटकला, तशी एक नांगी तुटून उडाली. मग तो खेकडा पाण्यात बुचकळला आणि गिळला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. वाद त्यानंतर सुरू झाला.

ती म्हणते कर्ल्यू, मी म्हणते व्हिम्ब्रेल. दोघेही वाकड्या चोचीचे, चिखलात चरणारे पक्षी; कर्ल्यू मोठा आणि जास्त लांब चोचीचा, व्हिम्ब्रेल लहान. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे आणि मधोमध फिकट रेघ असते, एवढं मला माहीत आहे, पण ऊन समोरून येत होतं, डोकं नुसतं काळं दिसलं. उडताना कंबर पांढरी दिसली, तर ती कर्ल्यूचीही पांढरीच. ओरडला तेव्हा नेमकी एक होडी फटफटत गेली, त्यामुळे व्हिम्ब्रेलच्या सात शिट्ट्या होत्या की कर्ल्यूचं 'कूर्-ली' ते कळलंच नाही!

माझा एकच मुद्दा आहे. शेजारी एक रेडशँक (लाल पायांचा, चिखलात चरणारा लहान पक्षी) चरत होता आणि आमचा पक्षी त्याच्या दीडपट दिसला. कर्ल्यू असता तर दुप्पट दिसायला हवा होता ना? मैत्रिणीचं म्हणणं, चोच डोक्याच्या अडीचपट तरी होती. मी म्हणते दुप्पट. मोबाइलवरच्या फोटोत फक्त चिखल आणि एक ठिपका आलाय, तो टाकून तुमची करमणूक करत नाही.

तर जाणकारांना विचारायचंय: अशा उजेडात, नुसत्या आकारावर आणि चोचीवर भरवसा ठेवता येतो का? कर्ल्यूच्या पिल्लांची चोच आखूड असते म्हणतात, मग तर माझा मुद्दा निम्मा गेलाच. खेकड्याचे पाय झटकून मग गिळणं ही दोघांचीही सवय आहे का?

आणि एक. भरती पूर्ण भरली की हे सगळे जातात कुठे? आम्ही पुलावरून पाहिलं, एकही दिसला नाही. सुरूच्या बनाकडे जातात की खाडीत वर, कांदळवनात? रत्नागिरीकर कोणी असतील तर जागा सांगा. बसायला सावली असलेली सांगा, गुडघ्याचा विचार करून.

पैज घावन आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची लागली आहे. मी हरत असेन तरी लिहा, पीठ भिजत घालायचंय.