मदत हवी आहे: पी व्हॅल्यू ०.०७ येतेय, कोणती टेस्ट लावू? (समुपदेशन डिझर्टेशन, नाशिक)

समुपदेशन_मेघा
नमस्कार, एमए समुपदेशन दुसरं वर्ष, नाशिक. डिझर्टेशनचं चौथं चॅप्टर अडकलंय आणि सोमवारी गाइड सरांना दाखवायचंय. रिलॅक्सेशनचा ताणावर परिणाम असा विषय आहे, सेशनच्या आधी आणि नंतर (प्री, पोस्ट) ताणाचं माप घेतलंय, एसपीएसएसमध्ये (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) टी-टेस्ट (सरासऱ्यांमधला फरक तपासणारी) केली तर पी, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०७ येतेय; ०.०५ च्या खाली आली की सिग्निफिकंट, म्हणजे सार्थ, धरतात. सर म्हणतात सिग्निफिकंट नाही आलं तर चर्चेत काय लिहिणार. वर्गातली एक जण म्हणाली वेगळी टेस्ट लावली की येतं. कोणती लावू? प्लीज थिअरी नको, टेस्टचं नाव आणि मेनूत कुठे क्लिक करायचं तेवढं सांगा, खूप घाई आहे.

पंचवटी_एक्सप्रेस
विल्कॉक्सन लाव (आकड्यांऐवजी त्यांचे क्रम बघणारी टेस्ट). सॅम्पल छोटं असेल तर टी-टेस्ट चालतच नाही. मी बीएडच्या ॲक्शन रिसर्चला तेच केलं होतं, एक्स्टर्नल परीक्षकांनी एक शब्द विचारला नाही. ॲनालाइज, नॉनपॅरामेट्रिक टेस्ट्स, लेगसी डायलॉग्ज, टू रिलेटेड सॅम्पल्स.

आकडेमोड
छोट्या सॅम्पलला टी-टेस्ट चालत नाही हे चुकीचं आहे, ती निघालीच छोट्या सॅम्पलसाठी. गॉसेट डब्लिनला गिनेसच्या ब्रुअरीत कामाला होता, हातात मोजकेच नमुने असायचे, त्यातून १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने तो पेपर छापला. बघायचं असतं ते हे की प्रत्येकाच्या प्री-पोस्टमधला जो फरक आहे त्याचं वितरण फार वाकडं आहे का, एखाददुसरा आकडा भलताच बाहेर गेलाय का.
मेघा, चार गोष्टी सांग. मुलं किती, दोन्ही वेळा तीच मुलं होती का, स्केल कोणती, आणि टी-टेस्ट पेअर्ड केलीस (प्रत्येकाचं प्री त्याच्याच पोस्टशी जोडून) की इंडिपेंडंट (दोन वेगळे गट धरून)?

समुपदेशन_मेघा
पीएसएस-१० (ताण मोजणारी दहा प्रश्नांची स्केल) वापरली. प्री ३४ आणि पोस्ट २९. मुलं तीच आहेत, पाच जण शेवटी आलेच नाहीत. इंडिपेंडंट केली कारण पेअर्डमध्ये टाकायचं तर कुणाचं पोस्ट कुणाचं ते कळत नाही, प्री कागदावर भरून घेतलं आणि पोस्ट गूगल फॉर्मवर. पण हे सगळं माझ्या प्रश्नात कुठे येतंय? विल्कॉक्सन करू का नको एवढंच सांगा ना.

आकडेमोड
विल्कॉक्सनलाही जोड्याच लागतात. जोड्या नाहीत तर ती टेस्ट चालणारच नाही. तुझ्या प्रश्नात तेच येतंय.

सिडकोकर
एवढं ताणू नका राव. सोपं आहे, वन-टेल्ड घ्या, म्हणजे फरक एकाच दिशेने तपासणारी. ०.०७ चं अर्धं ०.०३५, झालं सिग्निफिकंट.

गंगापूर_रोड
निकाल बघून झाल्यावर वन-टेल्ड करायचं म्हणजे सरळ फसवणूक आहे. अशी शॉर्टकट मुलांना शिकवू नका हो. उद्या ही मुलगी कुणाच्या तरी समोर समुपदेशक म्हणून बसणार आहे.

सिडकोकर
फसवणूक कशी? सिनॉप्सिसमध्ये (आधी दिलेल्या आराखड्यात) 'ताण कमी होईल' असं लिहिलं असेल तर ती डायरेक्शनल, म्हणजे दिशा ठरलेली, हायपोथिसिसच झाली. मेघा, सिनॉप्सिसमध्ये काय आहे?

समुपदेशन_मेघा
'सार्थ फरक आढळेल' असं आहे. कमी जास्त काही नाही लिहिलं.

गंगापूर_रोड
मग विषय संपला. दिशा आधी लिहिलेली नाही तर टू-टेल्डच, म्हणजे दोन्ही दिशा बघणारी. आणि ०.०५ म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढलं होतं की नुसती पी एखाद्या ठरावीक आकड्याच्या खाली आली का वर गेली एवढ्यावर शास्त्रीय निष्कर्ष काढू नका. ०.०४९ आणि ०.०७ मध्ये आभाळ कोसळेल असा फरक नसतो.

निवांत_नाशिक
ताई कोर्स झाल्यावर प्रॅक्टिस करायला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) लायसन्स लागतं का? मी पण याच कोर्सला ॲडमिशन घ्यायचा विचार करतोय, फी किती आहे आणि मुक्त विद्यापीठातून केलेलं चालतं का ते पण सांगा.

गंगापूर_रोड
क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे होते. समुपदेशकांसारख्या लोकांसाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आहे, त्यात वेगळा गट केलाय. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, हिला सोमवार आहे.

मृद्गंध
मेघा, क्रॉनबॅक अल्फा (स्केलचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा) काढलास का? किती आला?

समुपदेशन_मेघा
हो, ०.४१. तो तर प्लसमध्ये आहे ना, चालतो ना?

मृद्गंध
नाही चालत, आणि मला वाटतं तुझी खरी गडबड इथेच आहे. पीएसएस-१० मधले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत, म्हणजे 'गोष्टी मनासारख्या होतायत असं किती वेळा वाटलं' या धर्तीचे. बाकीच्या सहामध्ये जास्त मार्क म्हणजे जास्त ताण, या चारमध्ये जास्त मार्क म्हणजे कमी ताण. हे चार उलटवून मग बेरीज करायची असते. तू तशीच बेरीज केली असशील तर बघ काय होतं: मुलाचा ताण खरंच उतरला की सहा प्रश्नांचे मार्क खाली येतात, चारांचे वर जातात, आणि बेरजेत ते एकमेकांना खातात. रिलॅक्सेशनचा परिणाम झाला असला तरी तो तुझ्या टोटलमध्ये दिसणारच नाही. अल्फा ०.४१ त्यामुळेच असणार.

समुपदेशन_मेघा
अरे देवा. आम्हाला कॉलेजातून जी एक्सेल शीट दिली होती त्यात सरळ बेरीजच होती. वर्गातल्या सगळ्यांनी तीच वापरली. आता कसं उलटवू?

मृद्गंध
मार्क ० ते ४ दिले असतील तर ट्रान्सफॉर्म, कम्प्युट व्हेरिएबलमध्ये जाऊन त्या चार प्रश्नांसाठी '४ वजा उत्तर' असा नवा कॉलम कर. जुना कॉलम पुसू नकोस. गूगल फॉर्मात पर्याय १ ते ५ ठेवले असतील तर आधी सगळीकडून १ वजा कर, नाहीतर कागदावरचं प्री ० ते ४ आणि पोस्ट १ ते ५ होईल आणि पोस्टला प्रत्येकाचे मार्क फुकट वाढतील. टोटल ० ते ४० च्या बाहेर गेली की समजायचं काहीतरी राहिलंय. आणि वर्गातल्या बाकीच्यांना आजच सांग, त्यांचीही चॅप्टर तशीच गेली असतील.

पंचवटी_एक्सप्रेस
एसपीएसएसमध्ये डोकं घालण्यापेक्षा एखाद्या डेटा ॲनालिसिसवाल्याला पैसे देऊन करून घे. शालिमारला झेरॉक्सवाल्यांकडे नंबर मिळतात. एका दिवसात चॅप्टर हातात.

गंगापूर_रोड
आणि व्हायव्हात काय सांगणार, झेरॉक्सवाल्याला विचारा? त्यापेक्षा जास्प हे सॉफ्टवेअर वापर मेघा, फुकट आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठाने काढलंय, टेस्ट निवडली की इफेक्ट साइझ (परिणाम किती मोठा) आणि कॉन्फिडन्स इंटर्वल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो) बाजूला टिक करून लगेच मिळतं. मी तर म्हणते एसपीएसएस शिकवणं बंदच करायला हवं.

आकडेमोड
सॉफ्टवेअरचं भांडण नंतर. जोड्यांचं काय? कागदावर काहीच खूण नव्हती?

समुपदेशन_मेघा
वर रोल नंबरची जागा होती पण सगळ्यांनी नाही लिहिला. गूगल फॉर्मात ईमेल आलाय. क्लासच्या सरांकडे रोल नंबर आणि ईमेलची यादी आहे, ते म्हणाले मी लावून देतो. मग देऊ का त्यांना?

शाळेतली_ताई
थांब थांब. मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून विचारते. कसला क्लास? मुलं किती वर्षांची? संमतीपत्रात मुलांना काय सांगितलं होतंस?

समुपदेशन_मेघा
कॉलेज रोडचा सीईटी नीटचा क्लास. अकरावी बारावी. पालकांच्या सह्या आहेत, मुलांच्याही आहेत. त्यात लिहिलंय की माहिती फक्त संशोधकाकडे राहील.

शाळेतली_ताई
सह्या आहेत हे फार बरं केलंस, १८ च्या खालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतं. पण मग ते कागद सरांच्या हातात द्यायचेच नाहीत. 'गेल्या महिन्यात सगळं हाताबाहेर गेलंय असं किती वेळा वाटलं' याचं उत्तर मुलानं तुला दिलंय, त्याच्या मार्कांकडे बघणाऱ्या माणसाला नाही. त्यापेक्षा पोस्ट भरलेल्या मुलांना तू स्वतः मेल कर, रोल नंबर सांगणं ऐच्छिक आहे असं स्पष्ट लिही, जे सांगतील तेवढ्याच जोड्या घे. आणि हे करायच्या आधी गाइडच्या कानावर घाल.

सिडकोकर
एवढं काय त्यात, वय, मुलगा-मुलगी आणि अक्षरावरून अंदाजाने पण लावता येतील की जोड्या.

आकडेमोड
अंदाजाने जोड्या अजिबात नाही. चुकीची जोडी ही जोडी नसण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी सरळ कोड लिहून घ्यायचा, आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. मुलाला तो पाठ करावा लागत नाही, दोन्ही वेळा तोच येतो, आणि नाव कुठेच लागत नाही.

शाळेतली_ताई
अजून एक. प्री कधी घेतलीस आणि पोस्ट कधी? कंट्रोल ग्रुप, म्हणजे सेशन न दिलेली मुलं, होता का?

समुपदेशन_मेघा
कंट्रोल नाही, गाइड सर म्हणाले एमएला गरज नाही. प्री युनिट टेस्टच्या आठवड्यात, मग तीन आठवडे सेशन, पोस्ट गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच. आणि आधी सगळ्या क्लासचं स्क्रीनिंग करून ज्यांचा स्कोअर जास्त होता तेच ३४ घेतले होते.

शाळेतली_ताई
बघ, म्हणजे टेस्ट कुठलीही लाव, ताण उतरला असेल तर तो तुझ्या सेशनमुळे, युनिट टेस्ट संपल्यामुळे की घरी जाऊन मोदक खाऊन आल्यामुळे हे सांगता येणार नाही. शिवाय पीएसएस 'गेल्या महिन्याबद्दल' विचारते आणि तू तीन आठवड्यांनी परत विचारलंस, म्हणजे पोस्टच्या उत्तरात थोडी युनिट टेस्टही आलीच.

आकडेमोड
आणि सर्वात जास्त स्कोअरवालेच निवडले की पुढच्या मापात सरासरी आपोआप थोडी खाली सरकते, काहीही न करता. गॅल्टनने हे १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवर दाखवलं होतं, रिग्रेशन टू द मीन म्हणतात ते हेच. ताप सर्वात चढलेला असतो तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो, दुसऱ्या दिवशी थोडा उतरतोच, गोळीचं श्रेय किती ते कळत नाही, तसं. क्लासच्याच दुसऱ्या बॅचमधली तितक्याच स्कोअरची मुलं वेटिंग लिस्टवर ठेवली असती तर दोन्हीची तुलना झाली असती. एमएला कंट्रोल लागत नाही हे मला पटत नाही. निदान 'परिणाम' हा शब्द शीर्षकात असेल तर लागतोच.

समुपदेशन_मेघा
मग काय, सगळं फेकून द्यायचं का? फॉर्म भरून झाले, मुलं आता टेस्ट सिरीजमध्ये आहेत, परत कोण देणार?

मृद्गंध
काही फेकायचं नाही. आधी उलटे प्रश्न नीट कर, मेल पाठव, आणि आकडे इथे टाक. घाबरू नकोस.

निवांत_नाशिक
सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) रिसर्च मेथडॉलॉजीची मराठी पुस्तकं मिळतात का कुणाला माहीत आहे?

समुपदेशन_मेघा
गाइड सरांशी बोलले, मेल पाठवले. १९ जोड्या जुळल्या. उलटे करून अल्फा ०.७९ आला!! पेअर्ड केली, सरासरी २.१ ने कमी झालीय, फरकाचा एसडी (पसारा) ४.९, टी १.८७, पी ०.०८. म्हणजे परत नाहीच आलं. आता?

आकडेमोड
आता तुझ्याकडे पहिल्यांदा खरा निकाल आहे. कॉन्फिडन्स इंटर्वल काढ: ४.९ भागिले १९ चं वर्गमूळ म्हणजे १.१२, डिग्रीज ऑफ फ्रीडम (जोड्या वजा एक) १८ ला टेबलमधली टी २.१०१, गुणाकार केला की साधारण २.४. म्हणजे घट उणे ०.३ पासून ४.५ पर्यंत कुठेही असू शकते. इफेक्ट साइझ २.१ भागिले ४.९, ०.४३, कोहेनच्या मापाने लहान आणि मध्यमच्या मधली. मध्यम परिणाम, म्हणजे ०.५, पकडायला पेअर्ड टू-टेल्ड टेस्टमध्ये ८० टक्के पॉवरसाठी (परिणाम खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) ३४ जोड्या लागतात, तुझ्याकडे १९ आहेत. चर्चेत हेच लिही: घट दिसली, पण ती शून्यापासून वेगळी आहे असं म्हणण्याइतका पुरावा या सॅम्पलमध्ये नाही. 'रिलॅक्सेशनचा उपयोग होत नाही' असं मात्र लिहू नकोस, तेही या डेटातून निघत नाही.

गंगापूर_रोड
आणि मर्यादांमध्ये हे सगळं घाल: कंट्रोल नाही, निवड जास्त स्कोअरवाल्यांची, मधे सुट्टी, प्री कागदावर पोस्ट मोबाइलवर, रोल नंबर लिहिणारी आणि मेलला उत्तर देणारीच मुलं जोड्यांमध्ये. शीर्षकात 'परिणाम' ऐवजी 'पूर्व-अभ्यास' चालेल का ते सरांना विचार. व्हायव्हात एक्स्टर्नलने यातलं एक काढलं तर तुझ्याकडे उत्तर तयार असेल.

सिडकोकर
हे चांगलं लिहिलंय. माझ्या बहिणीचं पण असंच आहे, तिला हा धागा पाठवतो. तिने पीएसएसच घेतलीय.

शाळेतली_ताई
मेघा, ती पाच मुलं पोस्टला का आली नाहीत ते बघितलंस का? त्यांचे प्रीचे स्कोअर बाकीच्यांपेक्षा जास्त होते का? ज्यांना जास्त त्रास होता तीच गळाली असतील तर तुझी घट फुगलेली असू शकते. हे तर चॅप्टरमध्ये लिहायचंच, पण मुलांसाठी म्हणूनही बघ.

समुपदेशन_मेघा
रोल नंबर तिघांचेच आहेत त्यातले. दोघांचे स्कोअर ३० च्या वर आहेत ताई. उलटं करायच्या आधी ते २२-२३ दिसत होते म्हणून लक्षातच आलं नव्हतं.

शाळेतली_ताई
मग सोमवारची वाट न बघता गाइडना आजच फोन कर. पीएसएस काही निदान करत नाही, पण ३० च्या वर म्हणजे कुणीतरी शांतपणे बोलायला हवं. नावं क्लासला न कळवता, बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांसाठी एकच मेसेज टाक, तू कुठल्या वेळेला भेटू शकतेस ते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्या दोघांपर्यंत वेगळं कसं पोचायचं ते गाइडशी बोलून ठरव.

समुपदेशन_मेघा
सरांना आत्ता फोन लावला, ते म्हणाले उद्या सकाळी मीही येतो, दोघं मिळून बसू. मेसेज टाकलाय. मर्यादांचं पान रात्री लिहून इथे टाकते, आकडेमोड दादा एकदा नजर घाला प्लीज.