रसायनशास्त्रातला पुढचा मोठा शोध आधी सांगता येतो का?

धागाकर्ता, रत्नागिरी:
भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर पेरलेल्या कुळथाचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठीतले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया साध्या तापमानाला करतात. तेच काम करायला थळसारख्या खत कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे अंशांवरचे तापमान आणि हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. कुळथाचे हे तंत्र कारखान्यात आणणे हाच पुढचा मोठा शोध असेल, असे माझे ठाम मत आहे. १८९८ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टलच्या सभेत सांगितले होते की, गव्हासाठी नायट्रोजन अपुरा पडेल आणि तो हवेतून मिळवण्याचे काम रसायनशास्त्रज्ञांनाच करावे लागेल. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी ते प्रयोगशाळेत करून दाखवले आणि १९१३ मध्ये जर्मनीत कारखानाही उभा राहिला. गरज नेमकी ओळखली, तर भाकीत करता येते.

प्रतिसाद, मालवण:
सर, आपल्या मताचा आदर आहे, पण ते पटत नाही. क्रुक्स यांचे भाकीत खरे ठरले म्हणून लक्षात राहिले; चुकलेली भाकिते कोण जपून ठेवतो? आमच्या घरी पूर्वी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत असत, नाहीतर ती कुजत. आज होडीवरचा दोर पॉलिथिलीनचा आहे, आणि ते पॉलिथिलीन साध्या दाबाला करण्याची वाट १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सिग्लर यांच्या प्रयोगशाळेत भांड्यात राहिलेल्या निकेलच्या अंशामुळे प्रयोग बिघडला म्हणून सापडली. शिवाय गाठीतले जिवाणू ज्या विकराने (एन्झाइमने) नायट्रोजनचा अमोनिया करतात, त्याची रचना १९९२ मध्येच कळली होती. तीस वर्षे उलटली, तरी कारखाने जुन्याच पद्धतीने चालतात.

धागाकर्ता:
निकेलचा मुद्दा मान्य आहे. मात्र निकेलने पॉलिथिलीनच्या रेणूची वाढती साखळी तोडली हे कळल्यावर त्सिग्लर यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक धातू तपासले आणि टायटेनियमपाशी पोहोचले. अपघाताने दार दाखवले, आत जाणे मात्र ठरवून झाले. उशीर का होतो, हेही स्पष्ट आहे: नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका घट्ट आहे की एक रेणू फोडायला जिवाणूलाही एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, सोळा रेणू खर्चावे लागतात. अडचण इतकी नेमकी माहीत असताना तिथेच शोध लागेल असे म्हणणे धाडसाचे नाही.

प्रतिसाद, दापोली:
आपण दोघेही कारखान्याकडे पाहता, मी वाफ्याकडे पाहते. स्वस्त अमोनियाने आमचे काम भागणार नाही, कारण विरघळलेले खत आषाढातल्या पावसात वाहून जाते. म्हणूनच भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी बोटांनी चिखलात खोल खोचावी लागते. दिवसभर वाकून हे काम केलेल्या बाईला विचारा, तिला कोणता शोध हवा आहे. भाताला कुळथासारख्या गाठी येत नाहीत. त्या आणता आल्या, तर गोळी खोचायची वेळच येणार नाही. माझे भाकीत तिथले आहे, आणि ते रसायनशास्त्राच्या खात्यावर मांडायचे की जीवशास्त्राच्या, हे मालवणच्या दादांनी ठरवावे.

प्रतिसाद, मालवण:
ताई, गरज म्हणून शंभर टक्के मान्य. तारीख मात्र मी कोणालाच देऊ देणार नाही.